संघ कोणी बदलला, देश कोणी?

१९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील तिसरा कसोटी सामना झाला. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उमरीगर यांनी त्या सामन्यात १०२ धावा केल्या, सांगलीचे विजय हजारे १४६ धावांवर नाबाद राहिले आणि भारताने दहा गडी राखून विजय मिळवला. सोलापूरकरांनी या शतकाचा अभिमान बाळगावा, हे रास्तच आहे. पण त्या दिवशी मैदानावर कोण कोणाविरुद्ध खेळत होते, हे केवळ धावफलक वाचून उमगण्यासारखे नव्हते. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीझ कारदार हे सहाच वर्षांपूर्वी, १९४६ साली, हजाऱ्यांच्याच बरोबरीने इंग्लंडमध्ये भारताकडून तीन कसोटी सामने खेळले होते. पाकिस्तानचे फिरकी गोलंदाज अमीर इलाही १९४७ च्या डिसेंबरात सिडनीच्या मैदानावर भारताच्या संघातून उतरले होते आणि बडोद्याच्या संघात हजाऱ्यांचे सहकारी होते. उलट त्याच मालिकेत भारताच्या बाजूने गुल महंमद खेळले. त्यांचा जन्म लाहोरचा, म्हणजे अमीर इलाहींच्याच गावचा, आणि संघही त्यांच्याच बडोद्याचा. एका शहरात जन्मलेले, एकाच संस्थानाच्या संघातून रणजी करंडकासाठी झुंजलेले दोन खेळाडू त्या मालिकेत दोन वेगवेगळ्या ध्वजांखाली उभे होते.

या दोघांपैकी खरा देशभक्त कोण, असा प्रश्न आज कोणी विचारला तर तो हास्यास्पद वाटेल. परंतु निराळ्या शब्दांत हाच प्रश्न गेली पंचाहत्तर वर्षे आपल्याकडे विचारला जात आहे. भारत-पाकिस्तान सामना असला की चहाच्या टपरीवर, कचेरीत आणि शाळेच्या वर्गातसुद्धा तो विचारला जातो. म्हणूनच १९४७ साली खेळाडूंनी आपापला संघ कसा निवडला, किंवा अधिक नेमके बोलायचे तर त्यांच्या वाट्याला तो कसा आला, हे पुन्हा एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस भारताचा संघ प्रथमच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जायचा होता. निवडलेला संघ अखंड हिंदुस्थानाचा होता. विजय मर्चंट कर्णधार होते आणि लाहोरचे वीस वर्षांचे मध्यमगती गोलंदाज फझल महमूद यांची त्यात निवड झाली होती. दौऱ्यापूर्वीचे सराव शिबिर पुण्यात ठेवण्यात आले आणि ते ऐन ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे देशाचे दोन तुकडे होत असतानाच भरले. पंजाबात कत्तली चालू होत्या आणि पुण्यात पाऊस कोसळत होता. पावसाने शिबिर आटोपते घ्यावे लागले आणि खेळाडू आपापल्या घरी निघाले. फझल महमूद यांचे घर ज्या शहरात होते, ते शहर आता दुसऱ्या देशात गेले होते.

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत काही माथेफिरूंनी त्यांना ओळखले आणि ते त्यांच्या अंगावर चालून आले. डब्यात कर्नल सी. के. नायडू होते. नागपुरात जन्मलेले, होळकरांच्या पदरी राहिलेले, भारताचे पहिले कसोटी कर्णधार. त्या वेळी वय पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी आपली बॅट हाती घेतली आणि त्या माणसांना दूर राहण्यास बजावले. हा प्रसंग फझल महमूद यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात कृतज्ञतेने नोंदवला आहे. मुंबईहून ते विमानाने कराचीला आणि तेथून लाहोरला पोचले. वाटेत आणि घरी पोचल्यावर जे पाहिले, जे ऐकले, त्यानंतर ऑस्ट्रेलियाला जाण्याचा विचार त्यांनी सोडून दिला व तसे भारतीय मंडळाला कळवले.

याला निवड म्हणावयाचे काय? शब्दार्थाने ती निवडच होय, कारण नकार त्यांनी स्वतः दिला. पण विशीतल्या त्या मुलाने दोन राष्ट्रांच्या घटना वाचून, दोन्हींची ध्येये तोलून हा निर्णय घेतलेला नव्हता. आई-बाप ज्या शहरात होते, त्या शहरात तो राहिला, एवढेच. रेल्वेच्या त्या डब्यात नायडूंऐवजी दुसरे कोणी असते तर कदाचित एवढाही निर्णय त्याच्या हाती उरला नसता. पुढे १९५२ च्या ऑक्टोबरात लखनौ येथे याच गोलंदाजाने भारताचे बारा बळी घेऊन पाकिस्तानला पहिला कसोटी विजय मिळवून दिला आणि १९५४ साली ओव्हलवर इंग्लंडचेही बारा बळी घेतले. ऑस्ट्रेलियात भारत ती मालिका चार-शून्य अशी हरला. मर्चंट, रुसी मोदी आणि मुश्ताक अली हेही त्या दौऱ्यावर जाऊ शकले नव्हते, तेव्हा पराभवाचे खापर एका फाळणीवर फोडणे योग्य नव्हे. तरी त्या संघाला फझल यांची उणीव भासली, हे क्रिकेटच्या जाणकारांना नव्याने सांगावयास नको.

गुल महंमद यांची हकीकत याहून बोलकी आहे. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाविरुद्ध झाला. बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठीची ही सर्वांत मोठी भागीदारी म्हणून तिचा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित राहिला. तो मोडला श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी. ती भागीदारी चालू होती, तेव्हा पंजाबात दंगली पेटल्या होत्या. सांगलीचा एक ख्रिस्ती मराठी फलंदाज आणि लाहोरचा एक मुसलमान फलंदाज एका मराठा संस्थानिकाच्या संघासाठी तासन् तास धावा पळत होते, आणि पाच महिन्यांनंतर दोघांच्या जन्मगावांमध्ये सरहद्द पडणार होती. गुल महंमद फाळणीनंतरही भारताच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले, १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध भारताकडून खेळले, पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ च्या ऑक्टोबरात कराचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एकच कसोटी सामना खेळले. भारताकडून आठ, पाकिस्तानकडून एक. अमीर इलाहींचा हिशेब याच्या उलट : भारताकडून एक, पाकिस्तानकडून पाच. १९५२ साली मद्रासच्या कसोटीत वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, अकराव्या क्रमांकावर येऊन त्यांनी ४७ धावा केल्या आणि झुल्फिकार अहमद यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी १०४ धावा जोडल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोणी राष्ट्रवादाच्या आवेशाने गोलंदाजी करीत नाही. क्रिकेट हाच त्या माणसाचा चरितार्थ आणि क्रिकेट हाच त्याचा विसावा होता.

कारदार यांच्यावर मात्र संकटाचा प्रसंग कधी आला नाही. १९४६ चा दौरा संपल्यावर ते ऑक्सफर्डला शिकण्यासाठी राहिले. फाळणीची बातमी त्यांना तेथेच मिळाली. त्यांनी पाकिस्तान निश्चयाने निवडला आणि पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून तेवीस सामन्यांत नेतृत्व केले. त्यांचा अभिमान उघड होता आणि कित्येकदा तो कडवटही झाला. तो भारतीयांना आवडण्याचे कारण नाही. पण लाहोरात जन्मलेल्या माणसाने लाहोर ज्या देशात आहे त्या देशाचा अभिमान बाळगला, यात गैर काय, हे सांगणे कठीण आहे.

गंमत अशी की, १९४६ च्या ज्या संघातून कारदार खेळले, त्या संघाचे कर्णधार पतौडीचे नबाब होते. हे पतौडी १९३२-३३ साली इंग्लंडच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले होते आणि सिडनीला इंग्लंडसाठी त्यांनी शतक ठोकले होते. त्याच इंग्लंडविरुद्ध तेरा-चौदा वर्षांनी भारताचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या निष्ठेबद्दल कोणी शंका काढली नाही. ज्या साम्राज्याशी देश झगडत होता, त्याच्या संघातून खेळलेला माणूस क्षम्य ठरतो आणि ज्याचे गावच सरहद्दीपलीकडे गेले तो मात्र संशयित ठरतो, हा न्याय विचार करण्यासारखा आहे.

हॉकीतही हेच घडले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारताकडून सुवर्णपदक जिंकणारे अली इक्तिदार शाह दारा १९४८ साली लंडनला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून आले. त्याच लंडनमध्ये भारताच्या सुवर्णपदक विजेत्या संघात लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन होते. १९५६ साली मेलबर्नला ते दोघे पाकिस्तानच्या बाजूला होते आणि भारताने अंतिम सामना एक-शून्य असा जिंकला. एका खेळाडूच्या कपाटात भारताचे सुवर्ण आणि पाकिस्तानचे रौप्य अशी दोन पदके शेजारी शेजारी राहिली. त्यातले कोणते खोटे?

देश मोडतात तेव्हा जगात सर्वत्र असेच होते, हे फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासावरून दिसते. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले, तेव्हा त्याचा फुटबॉल संघ १९९२ च्या युरोपीय स्पर्धेसाठी आधीच पात्र ठरलेला होता. देश नाहीसा झाला तरी संघ उरला, म्हणून तो राष्ट्रकुल या नव्या नावाने स्वीडनमध्ये खेळला. त्यानंतर प्रश्न आला तो १९९४ च्या विश्वचषकाचा. पात्रता फेरीतील सोव्हिएत संघाची जागा रशियाला मिळाली. युक्रेनला त्या फेरीत प्रवेशच नव्हता. परिणाम उघड होता. आंद्रेई कांचेल्स्किस, व्हिक्टर ओनोप्को, युरी निकिफोरोव्ह, इल्या त्सिम्बालार हे सारे युक्रेनच्या भूमीवर जन्मलेले खेळाडू रशियाच्या संघात गेले. ओलेग सालेंको युक्रेनकडून एक सामना खेळून रशियाकडे वळले आणि १९९४ च्या विश्वचषकात कॅमेरूनविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल करून गेले. युक्रेनमध्ये याबद्दल आजही कटुता आहे आणि नंतर घडलेल्या युद्धामुळे ती अधिकच धारदार झाली आहे. परंतु १९९२ साली त्या खेळाडूंपुढे जो पर्याय होता, तो नियम बनविणाऱ्यांनी ठरवलेला होता. एका दारावर विश्वचषकाची पाटी होती; दुसरे दार बंद होते. अशा वेळी खेळाडूच्या हृदयाची परीक्षा घेणाऱ्यांनी आधी त्या दाराला कुलूप कोणी लावले, ते विचारावे.

युगोस्लाव्हियाचे दुखणे याहून भयंकर. तेथे १९९२ साली संघाचे प्रशिक्षक इविका ओसिम यांनी राजीनामा दिला. त्यांचे गाव साराजेव्हो वेढ्यात होते आणि पत्नी व मुलगी तेथे अडकून पडल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाला युरोपीय स्पर्धेतून काढण्यात आले, ऐनवेळी बोलावलेला डेन्मार्कचा संघ आला आणि अजिंक्य ठरला. १९९० च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियासाठी गोल करणारे रॉबर्ट प्रोसिनेच्की यांनी १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियासाठी गोल केले. त्यांचे वडील क्रोएट, आई सर्ब, जन्म जर्मनीतला. या माणसाने वडिलांचा देश निवडला म्हणून आईचा देश नाकारला, असे कोणी म्हणेल काय? म्हणणारे असतातच, पण त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती कोणावर नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. राष्ट्राच्या संघात खेळणे हा बहुमान आहे. गिरणीतली पाळी बदलावी तसा खेळाडू आज या संघात, उद्या त्या संघात जाऊ लागला तर त्या बहुमानाला अर्थ काय उरतो? आक्षेपात तथ्य आहे. पैशाच्या लोभाने एखादे श्रीमंत राष्ट्र दुसऱ्या देशातील धावपटू वा फुटबॉलपटू विकत घेते आणि पारपत्र हातात ठेवून त्याला आपला म्हणते, ही गोष्ट शोभादायक नाही. म्हणूनच जागतिक फुटबॉल महासंघाचे नियम कडक आहेत. २०२० साली ते थोडे सैल झाले तेही वयाच्या, सामन्यांच्या संख्येच्या आणि वर्षांच्या अटी घालूनच. भारताने तर फुटबॉलमध्ये भारतीय पारपत्राचा आग्रह धरला आहे. पुण्याच्या एका क्लबकडून खेळलेले अराता इझुमी, ज्यांचे वडील भारतीय आणि आई जपानी, यांना २०१३ साली भारताकडून खेळता यावे म्हणून आपले जपानी नागरिकत्व सोडावे लागले. ही अट कठोर असली तरी तिच्यामागचा हेतू समजू शकतो. चालू असलेला देश सोडून दुसरा घ्यायचा असेल तर त्याची किंमत मोजावी, हे म्हणणे न्यायाला धरून आहे.

पण ज्याने देश सोडला तो आणि ज्याला देश सोडून गेला तो, या दोघांना एकच तराजू लावणे हा खरा अन्याय होय. इझुमी यांच्यापुढे दोन देश उभे होते आणि दोन्ही जागेवर होते. फझल महमूद पुण्याला आले तेव्हा एक देश होता, परतले तेव्हा दोन. पहिल्या प्रकारात नियम कडक असावेत. दुसऱ्या प्रकारात ते उदार असावेत, खेळाडूला पुरेसा अवधी देणारे असावेत आणि निर्णय त्याच्यावरच सोपवणारे असावेत. २०१६ साली कोसोव्होला जागतिक महासंघात प्रवेश मिळाला, तेव्हा इतर देशांकडून आधी खेळून चुकलेल्या कोसोव्होच्या मुलांना संघ बदलण्याची मुभा देण्यात आली. काहींची मंजुरी तर पहिल्या पात्रता सामन्याला काही तास उरले असताना आली, आणि नॉर्वेकडून अनेक सामने खेळलेल्या व्हालोन बेरिशा यांनी त्याच सामन्यात कोसोव्होसाठी गोल केला. कार्यालयीन दिरंगाईचा हा नमुना असला तरी तत्त्व बरोबर होते.

भारतीय क्रिकेट मंडळाच्या पदरात या बाबतीत थोडे श्रेयही टाकले पाहिजे. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, १९५२ च्या जुलैमध्ये पाकिस्तानला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत प्रवेश मिळाला तो भारतीय मंडळाच्या शिफारशीवर, आणि त्यांचा पहिला अधिकृत कसोटी दौराही भारतातच झाला. कारदार किंवा अमीर इलाही यांनी पूर्वी भारताची टोपी घातली होती म्हणून त्यांना अडवावे, असे त्या वेळच्या धुरीणांना सुचले नाही. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजीसमोर भारताच्या अखेरच्या जोडीने १०९ धावा काढल्या; ती जोडी होती पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद. अधिकारी ८१ वर नाबाद राहिले, गुलाम अहमद यांनी ५० केल्या. चारच वर्षांपूर्वी, १९४८ च्या सप्टेंबरात, हैदराबाद संस्थान भारतात आले होते. सोलापूर ही त्या संस्थानाच्या वेशीवरची नगरी. रझाकारांच्या काळात तिकडून आलेली कुटुंबे या शहराने पाहिली. हैदराबाद आणि मुसलमान हे दोन शब्द एकत्र आले की येथे कोणते वारे वाहू शकत होते, ते सांगण्याची गरज नाही. त्या वाऱ्यात गुलाम अहमद भारतासाठी फलंदाजी करीत राहिले, पुढे भारताचे कर्णधार झाले. त्यांचेच आप्त आसिफ इक्बाल हैदराबादकडून रणजी करंडकात खेळले, १९६१ साली पाकिस्तानला गेले आणि १९७९-८० साली पाकिस्तानचे कर्णधार म्हणून भारतात आले. एका घरातले दोन कर्णधार, दोन देशांचे.

मैदानावर हा जिव्हाळा होता तरी मैदानाबाहेर संशय वाढत गेला, आणि त्याची किंमत खेळाला मोजावी लागली. १९५४-५५ साली पाकिस्तानात पाच आणि १९६०-६१ साली भारतात पाच असे दहा कसोटी सामने दोन देशांत झाले. त्यांतला एकही निकाली झाला नाही. उमरीगर यांनी दुसऱ्या मालिकेत कानपूर, मद्रास आणि दिल्ली अशी तीन शतके काढली, तरी सामने अनिर्णितच. दोन्ही कर्णधारांना जिंकण्याच्या इच्छेपेक्षा हरण्याचे भय अधिक होते, कारण हरणे म्हणजे सामना गमावणे एवढेच राहिले नव्हते. वास्तविक १९५५ च्या लाहोर कसोटीसाठी सरहद्द खुली केली, तेव्हा अमृतसरकडून हजारो लोक सामना पाहायला गेले. सात-साडेसात वर्षांपूर्वी ज्या वाटेने माणसे जीव मुठीत धरून पळाली होती, त्याच वाटेने ती तिकीट काढून गेली. लोक एवढे शहाणे होते. भय वरच्या पायरीवर बसले होते.

ते भय आता खालच्या पायऱ्यांवर उतरले आहे. पाकिस्तानशी सामना असला की मुसलमान विद्यार्थ्याला त्याचा वर्गमित्र हसत हसत विचारतो, आज तू कोणाच्या बाजूचा? विचारणाऱ्याला ती थट्टा वाटते. ज्याला विचारले जाते त्याला आपल्या निष्ठेचा दाखला रोज नव्याने सादर करावा लागतो, कचेरीत कारकुनाने जन्मदाखल्याची प्रत पुन्हा पुन्हा मागावी तसा. ज्या शहराने १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या बरोबरीने कुर्बान हुसेन यांचे नाव घेतले आणि चौघांचे पुतळे एकत्र उभारले, त्या शहरातल्या शिक्षकाने तरी ही थट्टा वर्गात चालू देऊ नये. गुलाम अहमद आणि मुश्ताक अली यांच्या पिढीने १९४७ साली जो निर्णय घेतला, तो आज शाळेत बसलेल्या मुलांच्या आजा-पणज्यांनीही घेतला होता. जाण्याची वाट उघडी असताना ते येथे राहिले. त्यांच्या नातवंडांना तोच प्रश्न पुन्हा सोडवायला लावण्याचा अधिकार कोणाला नाही.

सरहद्दीच्या पलीकडेही हाच धडा वेगळ्या अक्षरांत लिहिलेला आहे. कराचीतील गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातले वॉलिस मथायस १९५५ साली पाकिस्तानकडून कसोटी खेळणारे पहिले मुसलमानेतर खेळाडू ठरले. त्यांच्या मागोमाग आलेले अंताओ डिसोझा तर प्रत्यक्ष गोव्यातील नागवे येथे जन्मलेले. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९३९ साली, गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. १९५९ साली ते पाकिस्तानकडून पहिली कसोटी खेळले तेव्हाही होता. आणि १९६२ साली पाकिस्तानच्या संघाबरोबर इंग्लंडला गेले तेव्हा तो भारतात आलेला होता. या माणसाचा देश कोणता, हे पारपत्र तपासणाऱ्या अंमलदारालाही चटकन सांगता आले नसते. ते कराचीत राहत होते, कराचीत क्रिकेट शिकले आणि त्या संघाकडून खेळले.

सर्वांत विलक्षण कथा मात्र नाऊमल जेऊमल यांची. कराचीचे हे सिंधी हिंदू फलंदाज. १९३६ पर्यंत कराची आणि सोलापूर ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. १९३२ च्या २५ जूनला लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. नायडू कर्णधार होते, पहिले षटक टाकणारे महंमद निसार पुढे लाहोरला गेले, जहांगीर खानही तिकडचेच झाले. भारताच्या डावाची सुरुवात करायला दोघे जण उतरले : पुण्याचे यष्टिरक्षक जनार्दन नवले आणि कराचीचे नाऊमल. फाळणीनंतर सिंधमधून हिंदूंची रीघ मुंबई-उल्हासनगरकडे लागली, पण नाऊमल कराचीतच राहिले. त्यांनी तेथील मुलांना क्रिकेट शिकवले, ते पाकिस्तानच्या निवड समितीवरही होते. भारताच्या पहिल्या कसोटी डावाचा सलामीवीर पाकिस्तानचा संघ निवडीत होता आणि त्या देशाने त्याला ते काम दिले होते. १९७१ साली, दोन देशांत पुन्हा युद्ध पेटले त्या वर्षी, ते मुंबईला आले. नवले १९७९ साली पुण्यात वारले. त्यानंतरच्या वर्षी नाऊमल मुंबईत.